कॅनरीची जोडी आणण्याआधी: पिंजरा, वाटी आणि टायमर

पाऊस ओसरला की कॅनरी पाळणाऱ्यांची पत्रं वाढतात. आपल्याकडे थंडी हाच या पक्ष्याच्या विणीचा हंगाम, आणि तयारी त्याआधी दीड-दोन महिने सुरू करावी लागते. या वेळची बहुतेक पत्रं पिंजऱ्याबद्दल आणि विणीच्या सामानाबद्दल आहेत, म्हणून सगळं पान त्यालाच दिलं आहे. ठाण्यात, नौपाड्यात आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून कॅनरी आहेत. जे लिहिते ते त्या गॅलरीत बघून, हाताळून लिहिते.

काकू, मुलीच्या वाढदिवसाला कॅनरीची जोडी घ्यायची आहे. दुकानदाराने घुमटाचा, सोनेरी रंगाचा उंच गोल पिंजरा दाखवला. हॉलमध्ये शोभून दिसेल. पुढे पिल्लंही व्हावीत अशी इच्छा आहे. हा पिंजरा चालेल का? नाहीतर कोणता घेऊ? (एक वाचक, ऐरोली)

हा घेऊ नका. कॅनरी आडवी उडते. पोपटासारखी चोचीने गज धरून वर चढत नाही, त्यामुळे पिंजऱ्याची उंची तिच्या काहीच कामाची नसते. एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर पंख उघडून जाता आलं पाहिजे, एवढी लांबी तिला हवी. गोल पिंजऱ्यात ती जागच्या जागी उड्या मारत राहते. घाबरली तर अंग चोरायला कोपरा नाही. आणि घुमटापाशी गज जिथे जवळजवळ येतात तिथे नखं अडकून पाय दुखावतात.

एका जोडीला विणीसाठी कमीत कमी दोन फूट लांब, एक फूट खोल आणि सोळा इंच उंच पिंजरा लागतो, म्हणजे साधारण ६० बाय ३० बाय ४० सेंटिमीटर. पण तुम्हाला पिल्लं हवी आहेत, तेव्हा मी तीन फुटी पिंजरा घ्या म्हणेन, मधोमध सरकवता येणारं पार्टिशन असलेला. पार्टिशन दोन मागून घ्या: एक जाळीचं, एक पूर्ण बंद. पिंजरा विकणारे बहुधा एकच देतात आणि ते कशासाठी हे सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला नर एका बाजूला आणि मादी दुसऱ्या बाजूला, मध्ये बंद पार्टिशन. दोघं नव्या जागेत रुळले, नीट खाऊ लागले की बंद काढून जाळीचं लावायचं. मग लक्ष ठेवायचं. नर जाळीतून मादीला भरवायला लागतो. मादी तळाचा कागद फाडते, पडलेलं पीस चोचीत धरून इकडून तिकडे फिरते. हे दिसलं की जाळी काढा. त्याआधी घाई केली तर तयार नसलेली मादी नराला टोचून हैराण करते, नाहीतर आधीच तापलेला नर तिला पिंजराभर पळवतो.

जाळीचं दुसरं काम पिल्लं झाल्यावर येतं, आणि ते जास्त महत्त्वाचं. पिल्लं १६ ते १८ दिवसांची झाली की घरट्याबाहेर येतात. पण दाणा सोलून स्वतःचं स्वतः खायला त्यांना आणखी दहा-बारा दिवस लागतात. नेमकी याच दिवसांत मादी पुढच्या विणीला लागते, आणि घरट्याला पिसं कमी पडली तर पिल्लांच्या पाठीवरची उपटते. अशा वेळी पिल्लांना जाळीपलीकडे ठेवायचं. ती जाळीला लागून ओळीने बसतात. बाप अलीकडच्या दांडीवर येतो, मान दोन-तीनदा खालीवर करून घास वर आणतो, पहिल्याच्या चोचीत घालतो, मग एक पाऊल सरकून दुसऱ्याच्या. हे नीट व्हायला पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर, जाळीपासून दोन-तीन बोटांवर एकेक दांडी हवी. दांडी जाळीपासून दूर असेल तर बापाची चोच पोचत नाही, आणि वाट्या भरलेल्या असूनही पिल्लं उपाशी राहतात.

आता बाकीचं. दोन गजांमध्ये १ ते १.२ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. दुकानात जाताना मोजपट्टी न्या, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. खाली ओढून काढता येणारा ट्रे हवा. खाद्याच्या वाट्या बाहेरून काढता-घालता येणाऱ्या हव्यात, कारण अंड्यांवर बसलेल्या मादीशेजारी रोज हात घालणं बरं नाही. दांड्या एक ते दीड सेंटिमीटर जाडीच्या, लाकडाच्या, आणि घट्ट बसलेल्या. हलणाऱ्या दांडीवर जोडीचा मेळ नीट होत नाही आणि मग "अंडी सगळी पोकळ निघाली" अशी पत्रं मला येतात. दुकानातल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाका. पेरूच्या किंवा जास्वंदीच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावल्या तर पायांना चांगल्या. जाडी कमीजास्त असते, पकड बदलत राहते.

कशाचा घ्यावा? आपल्या हवेत हा प्रश्न मोठा आहे. पावडर कोटिंगचा घेणार असाल तर वेल्डिंगच्या सांध्यांवर नख मारून बघा. पापुद्रा निघत असेल तर एका पावसाळ्यात तिथे गंज धरणार. गॅल्व्हनाइज्ड जाळी नवी असताना तिच्यावर जस्ताचे सुटे कण असतात, आणि जस्त पक्ष्यांना विषारी आहे. व्हिनेगरच्या पाण्याने ब्रशने घासून, धुऊन, वाळवून मगच वापरा. सर्वांत टिकाऊ स्टेनलेस स्टील. ते महाग पडतं, पण वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनची लहान दुकानं आहेत. मापं कागदावर लिहून नेली आणि गजांमधली फट ठणकावून सांगितली तर तिथून बनवून घेता येतो.

परदेशात तीन बाजू बंद, पुढे जाळी अशा लाकडी पेटीच्या पिंजऱ्याची पद्धत आहे. त्यात पक्ष्याला निर्धास्त वाटतं हे खरं. पण आपल्याकडे प्लायवूड जुलैत फुगतं, सांधे उकलतात आणि फटींत किडे घर करतात. मी जाळीच्याच पिंजऱ्याला मागून आणि दोन्ही कडांना पातळ पीव्हीसी शीट केबल टायने बांधते. धुता येते, फुगत नाही, आणि मादीला आडोसा मिळतो. टायची टोकं मात्र बाहेरच्या बाजूला ठेवा आणि कापून टाका.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं. पिंजऱ्याचा हिशेब दोन पक्ष्यांचा करू नका. मादी एका वेळी ३ ते ५ अंडी घालते आणि हंगामात दोनदा तरी बसते. सगळं नीट झालं तर उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात आठ-दहा पक्षी असतील. ते कुठे राहतील हे आज ठरलेलं नसेल, तर यंदा फक्त एक नर आणा. एकटा नर मजेत राहतो आणि गातो. मुलीला त्याचा लळा लागेल, आणि तिची तयारी दिसली की पुढच्या वर्षी मादी आणता येईल.

दुकानातून कॅनरीच्या जोडीसोबत मातीचं मडकं दिलं. महिना झाला तरी मादी त्यात जात नाही. परवा तिने खाद्याच्या वाटीतच दोन अंडी घातली. मादीत काही दोष आहे का? (एक वाचक, घणसोली)

दोष मडक्याचा आहे, मादीचा नाही. तोंड लहान, आत अंधार असं मडकं लव्हबर्डना, झेब्रा फिंचना आवडतं. कॅनरी मूळची अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांची. मदीरा आणि अझोर्सवरही ती आढळते. तिथे ती झाडाझुडपांत, फांद्यांच्या बेचक्यात उघडं घरटं बांधते. बिळात शिरणं तिच्या स्वभावातच नाही. तुम्ही दिलेल्या वस्तूंमध्ये घरट्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट होती, खाद्याची वाटी. तिने ती निवडली, आणि तिच्या बाजूने ते बरोबर होतं.

मडकं आजच काढा. साधारण १० सेंटिमीटर व्यासाची, पाच-सहा सेंटिमीटर खोल गोल वाटी लावा. प्लास्टिकच्या, तळाला भोकं असलेल्या वाट्या कॅनरीसाठी म्हणून वेगळ्या मिळतात. नाही मिळाली तर कुंभाराकडची मातीची वाटी त्याच मापाची घ्या आणि तारेच्या कड्यात पक्की बसवा. बुरुडाची टोपली दिसायला सुंदर, पण तिच्या विणकामातल्या फटींत माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, बसतात म्हणून मी वापरत नाही.

वाटीला आतून फेल्टचं अस्तर लागतंच. नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लांचे पाय फाकतात आणि पुढे सरळ होत नाहीत. अस्तर नुसतं ठेवू नका. मादी ते खेचून काढते, आणि खाली अंडी असली तर तीही त्याबरोबर जातात. वाटीच्या भोकांतून सुई-दोऱ्याने चार टाके घाला, गाठ बाहेरच्या बाजूला.

मग सामान द्या. तरटाचा तुकडा गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून त्याचे धागे सुटे करा आणि पाच-सहा सेंटिमीटरचे कापा. थोडा मऊ केलेला काथ्या. अगदी शेवटी, आतल्या थरासाठी चिमूटभर कापूस. लांब धागा कधीही देऊ नका. नायलॉनचा, शिलाई मशीनचा दोरा तर पिंजऱ्याच्या आसपासही नको. तो बोटाभोवती गुंडाळला जातो, मादी उठताना आवळला जातो, आणि दोन दिवसांत बोट काळं पडतं. सामान जाळीला बाहेरून अडकवा म्हणजे ती ओढून ओढून घेईल. तळावर टाकलं तर विष्ठेत मळतं.

वाटी कोपऱ्यात, आडोशाच्या बाजूला, पिंजऱ्याच्या उंचीच्या मध्यावर लावा. वरच्या छतापासून पंधरा सेंटिमीटर तरी मोकळे ठेवा, कारण पिल्लांना भरवताना दोघंही वाटीच्या काठावर ताठ उभी राहतात. काठाशेजारी एक दांडी असू द्या. खाद्याच्या वाटीत घातलेली अंडी आता हिशेबात धरू नका. घरटं तयार झालं की ती पुन्हा घालेल.

प्लास्टिकची डमी अंडी खरंच लागतात का, की विकायचा धंदा आहे? (एक वाचक, खारघर)

लागतात, आणि सगळ्या सामानात ती सर्वांत स्वस्त आहेत. मादी रोज सकाळी एक अंडं घालते. पहिल्याच अंड्यावर ती बसली तर पहिलं पिल्लू बाहेर येतं तेव्हा शेवटच्याला अजून तीन-चार दिवस असतात. थोरलं मान उंच करून सगळा घास घेतं आणि धाकटं खाली दबून मरतं. म्हणून पहिली तीन अंडी घातल्या घातल्या प्लास्टिकच्या चमच्याने उचलायची, जागी डमी ठेवायची, आणि चौथ्या दिवशी सकाळी सगळी खरी परत द्यायची. मधल्या काळात अंडी लहान डब्यात राळ्यांच्या थरावर, घरातल्या थंड कोपऱ्यात. फ्रिजमध्ये नव्हे. दिवसातून एक-दोनदा हलक्या हाताने फिरवा. परत दिल्यापासून १३-१४ दिवसांनी पिल्लं, आणि सगळी एका वयाची.

पाच-सहा दिवसांनी मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं तर लाल शिरांचं जाळं दिसतं. न दिसलं तर ते पोकळ. दोन्ही पक्षी मादीच असल्या तरी अंडी होतात, फक्त एका घरट्यात सात-आठ साठतात आणि सगळी पोकळ निघतात.

मादी पहिलटकरीण असेल तर मी अंड्यांना हात लावत नाही. तिला आधी घरट्याची सवय होऊ दे.

आमचा नर आणला तेव्हा सुंदर गायचा. आता चार महिने झाले, सतत पिसं झडतात आणि गाणं बंद. खाणं चांगलं आहे. पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. विणीसाठी मादी आणली तर गायला लागेल का? (एक वाचक, घोडबंदर रोड)

मादी आणू नका, आधी टीव्हीशेजारून पिंजरा हलवा. त्याचं वर्ष बिघडलं आहे.

कॅनरीला ऋतू कळतो तो दिवसाच्या लांबीवरून. दिवस लांबत गेला की वीण, नंतर आखडायला लागला की पीस गाळायचं आणि नवं आणायचं. पीस गाळताना नर गात नाही, हे नेहमीचंच. पण तुमच्या हॉलमध्ये सोमवारी दिवा दहाला बंद होत असेल, शनिवारी एकला. त्याच्या लेखी दिवस रोज वेगळ्या लांबीचा. शरीराला काही कळेनासं होतं, आणि पीस गाळणं थांबतच नाही.

त्याला अशा खोलीत न्या जिथे उजेड सूर्याबरोबर येतो आणि जातो. तशी खोली नसेल तर संध्याकाळी पिंजऱ्यावर जाड सुती कापड टाका, रोज त्याच वेळी. एवढं सांभाळलं की दीड-दोन महिन्यांत नवं पीस पूर्ण येतं आणि गळाही परत सुटतो.

विणीचा विचार त्यानंतर. ठाणं १९ अंश उत्तर अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान अकराच्या आसपास. कॅनरीच्या विणीसाठी १४ तासांचा उजेड चांगला मानतात. तेवढा आपल्याकडे कधीच मिळत नाही, आणि उष्म्यामुळे आपण वीण घेतो ती नेमकी लहान दिवसांत. म्हणून प्लगला लावायचा टायमर हे विणीचं खरं सामान आहे. पितळी घंट्या, आरसे, झोपाळे यांवर खर्च करण्यापेक्षा तो घ्या. साधा, गोल चकतीचा पुरतो. दर आठवड्याला १५-२० मिनिटं वाढवत १४ तासांवर न्या. एकदम वाढवलं तर नर आधी तयार होतो आणि मादी मागे राहते.

वाढ शक्यतो पहाटेच्या बाजूला करा. रात्री दिवा खटकन गेला आणि मादी त्या क्षणी दाणे खायला खाली उतरलेली असली तर तिला घरटं सापडत नाही, आणि अंडी रात्रभर उघडी राहतात. मोठा दिवा जाण्याआधी अर्धा तास एक मंद एलईडी लागेल अशी सोय करा. तो विझेपर्यंत ती वर जाऊन बसते.

गॅलरीच्या बॉक्स ग्रिलमध्ये पिंजरा ठेवला तर चालेल? घरात जागा नाही. (एक वाचक, नेरूळ)

दिवसा, तुम्ही समोर असताना, सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास. कायमचा नको. कावळा ग्रिलमध्ये बसून गजातून चोच घालतो, घाबरलेला पक्षी फडफडत नेमका त्याच कडेला येतो आणि पाय गमावतो. मांजर, शिक्रा, दुपारचं पश्चिमेचं ऊन ही भीती वेगळीच.

आणि डास. नवी मुंबईत हा धोका मी सर्वांत वर ठेवेन. कॅनरीला होणारा देवीचा रोग डासांमार्फत पसरतो आणि एकदा शिरला तर पिंजरेच्या पिंजरे रिकामे करतो. मच्छरदाणीच्या कापडाचा खोळीसारखा गलेफ शिवून संध्याकाळी पाचपासून पिंजऱ्यावर घाला. घरातसुद्धा. कॉइल आणि लिक्विड मशीन मात्र पक्ष्याच्या खोलीत लावू नका.

काकू, मी नववीत आहे. आई म्हणते पिंजरा स्वयंपाकघरात ठेव, तिथे तिचं लक्ष राहील. ठेवू का? (एक विद्यार्थी, कोपरी)

नको रे बाळा. आईचं लक्ष राहील हे खरं, पण तिथली हवा त्याला सोसणार नाही. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे श्वास आत घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा फुफ्फुसातून जाते. हवेत विष असेल तर तेही आपल्यापेक्षा लवकर भिनतं. म्हणूनच जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणीत कार्बन मोनॉक्साइड ओळखायला लहान पक्षी न्यावेत असं सुचवलं, आणि ब्रिटनच्या खाणींमध्ये १९८६ पर्यंत कॅनरी होत्या.

नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. फोडणीचा धूर, अगरबत्ती, धूप हेही लांबच. तुझ्या अभ्यासाच्या खोलीत ठेव, खिडकीच्या समोर नको, बाजूच्या भिंतीला, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. आईला सांग, रोज सकाळी पाणी बदलायचं काम तू करशील.

मादी रात्री अंड्यांवरून सारखी उठते. एक पिल्लू फिकट पडून मेलं. दिवसा पिंजऱ्यात काहीच दिसत नाही. (एक वाचक, कळवा)

दिवसा दिसणारच नाही. लाल माइट्स रात्री बाहेर येतात, रक्त पितात आणि उजाडायच्या आत फटींत जातात. खसखशीच्या दाण्याएवढे असतात. उपाशी असताना राखाडी, प्यायल्यावर लाल. आज रात्री दिवा गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन जा. दांडीचं टोक जिथे गजावर बसतं ती खाच, ट्रेची कड, वाटीची मागची बाजू आणि अस्तराच्या खालची बाजू बघा. पांढरं सुती कापड पिंजऱ्यावर टाकलं तर सकाळी त्याच्या घड्यांतही सापडतात.

दुसरी वाटी, नवं अस्तर, धुतलेलं तरट तयार ठेवा. दुपारी उजेडात पिल्लं आणि अंडी नव्या वाटीत हलवा, तिच्याच जागी लावा. मादी पुन्हा बसते. जुनं अस्तर जाळून टाका. पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात काढून हा पिंजरा आणि दांड्यांची टोकं उकळत्या पाण्याने धुवा, आणि दर आठवड्याला पुन्हा, कारण उबदार हवेत यांची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. ढेकणांची किंवा झुरळांची फवारणी पिंजऱ्यावर मारू नका. पक्ष्यांच्या अंगावर टाकायचं औषध आणि त्याचं प्रमाण पशुवैद्यांकडूनच घ्या. पिल्लांच्या वजनाला एक थेंबही जास्त होऊ शकतो.

हे टाळायचं असेल तर प्रत्येक जोडीमागे वाट्या दोन आणि अस्तरं चार घ्यायची, म्हणजे अडचणीच्या दिवशी बाजारात धावावं लागत नाही.

खाद्याचं पाकीट महाग पडतं. इथल्या बाजारातलं काय चालेल? आणि कॅल्शियमचा दगड कोणता घेऊ? (एक वाचक, वाशी)

कॅनरी सीड, म्हणजे कॅनरी गवताचं बी, घ्यावंच लागेल, ते मुख्य. पण त्यात घालायला राळे, कारळे आणि थोडे जवस तुमच्या दाराशी, एपीएमसीच्या धान्य बाजारात मिळतात. कारळे तर आपल्याकडून परदेशातल्या पक्ष्यांसाठी जातात. तेलबिया जास्त झाल्या तर पक्षी अंगाने सुटतो आणि वीण अडते, म्हणून त्या मुठीला चिमूट एवढ्याच. पावसाळ्यात महिन्याभराचंच भरा, स्टीलच्या डब्यात. वास घेऊन बघा. कुबट आला तर फेकून द्या, बुरशीने पक्ष्याची छाती भरते.

विणीच्या दिवसांत उकडलेलं अंडं टोस्टच्या चुऱ्यात कुस्करून. त्यासाठी उथळ, वेगळी वाटी ठेवा आणि दोन तासांत काढून घ्या. आपल्या उष्म्यात ते लगेच आंबतं.

दगड नको, समुद्रफेस घ्या. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, कोकणात किनाऱ्यावर वाहून आलेला सापडतो. तो दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि मऊ बाजू आत करून गजाला बांधा. अंडी घालायच्या आधीच्या आठवड्यात मादी तो कुरतडताना दिसली पाहिजे. कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडतं, आणि अंडं अडलेली मादी, पिसं फुलवून तळाशी बसलेली, काही तासांत जाऊ शकते. अशी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, उबेत ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

डोक्यावर पिसांची टोपी असलेली, ग्लोस्टर जातीच्या कॅनरीची जोडी मिळते आहे, दोघंही टोपीवाले. घेऊ का? (एक वाचक, माजिवडा)

विणीसाठी नको. टोपीचा गुण आईबापांपैकी एकाकडूनच यावा लागतो. दोघांकडूनही आला तर ती पिल्लं जगत नाहीत. एक टोपीवाला आणि एक साध्या डोक्याचा अशी जोडी लावा; साधारण निम्मी पिल्लं टोपीची निघतील.

रस्त्यावर एक जण "देशी कॅनरी" म्हणून हिरवे-पिवळे लहान पक्षी विकतो. एका पिंजऱ्यात दहा. स्वस्त आहेत. (एक वाचक, कोपरखैरणे)

त्या बहुधा रंगवलेल्या मुनिया आहेत. आंघोळीचं पाणी दिलंत तर रंग उतरेल. आपल्या रानातला पक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, विकत घेणाऱ्यालाही. दया येऊन सोडवायला म्हणूनही विकत घेऊ नका, त्या पैशांत तो आणखी वीस पकडतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पहिली चार पिल्लं महिन्याची झाली, छान खातात. मादी पुन्हा बसली आहे. पिल्लं जाळीपलीकडे त्याच पिंजऱ्यात ठेवली तर चालतील? एक पिल्लू नर आहे, मित्राला द्यायचं ठरलं आहे. (एक वाचक, बेलापूर)

आता काढायला हवीत. नवी पिल्लं आली की तुम्हाला तीच जागा लागेल, आणि मोठी पिल्लं जाळीतून आईची शेपटी ओढतात. पण ज्या दिवशी वेगळी कराल त्या दिवसापासून आठवडाभर खाण्यावर बारीक नजर ठेवा. दाणा सोलल्याचं टरफल वाटीत दिसतं का, हाताने घेतल्यावर छातीचं हाड टोचतं का ते बघा. भिजवलेले, नुकते मोड आलेले राळे आणि अंड्याचा चुरा चालू ठेवा. हाड हाताला लागलं तर ते पिल्लू आणखी चार दिवस बापाजवळ जाळीशी परत ठेवा.

त्यांच्यासाठी चार फूट लांबीचा पिंजरा बघा. दांड्या दोनच, दोन टोकांना, म्हणजे मधली सगळी लांबी उडायला मोकळी. पहिला आठवडा तळाच्या जाळीवर जाड कागद अंथरा. लहान बोटं तिथे अडकतात, आणि या वयात ती खाली बसूनच जास्त खातात. दाराला अडकवायची आंघोळीची वाटी सकाळी तासभर. खाद्याच्या वाट्या दोन, लांब लांब, नाहीतर दांडगं पिल्लू एकीवर ठाण मांडून बसतं.

मित्राला थोडं थांबायला सांगा. महिन्याच्या पिल्लावरून नर-मादी ठरवता येत नाही, रंगावरून तर नाहीच. सहा-आठ आठवड्यांची झाली की नर गळा फुगवून, चोच न उघडता बारीक गुणगुणायला लागतात, बहुधा दुपारी, बाकीचे शांत असताना. माद्याही थोडंफार चिवचिवतात, पण गळा असा फुगत नाही आणि सूर लांबत नाही. तसं करणाऱ्याच्या पायात रंगीत कडं घाला, पुढचे काही दिवस तोच पुन्हा गातो का ते पडताळा, आणि मग द्या. सोबत आपल्याकडचं आठवड्याभराचं खाद्यही द्या. नवी जागा आणि नवं खाणं एकाच दिवशी आलं तर पिल्लू खाणं सोडतं.